बोअरमधून निघालेला लाल भुकटा आणि बॅरन बेटावरचा ज्वालामुखी

चाटीगल्ली | रविवार, रात्री १०.१५

परवा भाच्याच्या रानात बोअर मारायला गाडी आली. मोहोळच्या पुढं रान आहे. गाडी नेहमीप्रमाणे रात्री साडेदहाला उगवली. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. कॉम्प्रेसर राखाडी भुकटा उडवत होता, आम्ही तोंडाला टॉवेल बांधून कडेला उभे. १४० फुटांच्या आसपास भुकटा एकदम लाल झाला, अंगणात सारवायला आणतात त्या गेरूसारखा. हॅलोजनच्या उजेडात तो लाल लोट वर चढताना बघून मलासुद्धा क्षणभर कसंतरी झालं. कुणीतरी व्हिडिओ काढला.

सकाळी गावच्या ग्रुपवर मजकूर आला: ‘मोहोळ तालुक्यात जमिनीतून लाल धूर, ज्वालामुखीची शक्यता, जास्तीत जास्त शेअर करा.’ दुपारपर्यंत तो व्हिडिओ संगीत लावून माझ्याच फोनवर परत आला. त्यात माझी पाठ दिसते, टॉवेलसकट. संध्याकाळी बहिणीचा फोन. ‘दादा, तू अंदमानात होतास, तू ज्वालामुखी डोळ्यांनी बघितलायस. खरं सांग, लेकराला रानात पाठवू का नको?’

पाठव म्हणून सांगितलं. पण ‘का’ ते फोनवर सांगता आलं नाही, म्हणून हा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी २००४ ते २००९ नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला होतो (आता त्या गावाचं नाव श्री विजयपुरम झालंय, माझ्या तोंडात जुनंच बसलंय). तिथून ईशान्येला साधारण १३५ किलोमीटरवर बॅरन बेट आहे. भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी तो हाच. बॅरन म्हणजे ओसाड. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद, माणूस राहत नाही, सर्वांत उंच टोक समुद्रापासून सुमारे ३५४ मीटर. हे ऐकून ‘एवढंच होय’ असं वाटतं. पण ते डोंगराचं नुसतं टोक आहे. त्याचा पायथा समुद्राखाली सुमारे २२५० मीटर खोल आहे. म्हणजे तळापासून मोजला तर हा डोंगर अडीच किलोमीटरच्या वर जातो, आणि आपलं कळसूबाई १६४६ मीटर.

२००५ च्या डिसेंबरात एका बोटीवरून रात्री जवळून जायचा योग आला. उतरायची परवानगी नसते, लांबूनच बघायचं. आधी वास आला, फटाक्यांच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत असतो तसा गंधकाचा. मग अंधारात एक लाल ठिपका. तो फुगायचा, वर उडायचा, त्याचे तुकडे होऊन उतारावर घरंगळत यायचे आणि विझायचे. आवाज मात्र नाही! मला वाटलं मुक्यानंच चाललंय सगळं. मग शेजारचा खलाशी म्हणाला, मोजा. लाल उसळी दिसली की मोजायला लागायचं. सात, आठ, आणि मग दणका. छातीत बसायचा. म्हणजे आम्ही पावणेतीन किलोमीटरच्या आसपास होतो. पहाटे डेकवर काळी रेव पडलेली, बाजरीच्या कण्यांएवढी. चपलेखाली करकर वाजत होती. बोटांत चोळली तर काचेसारखी टोचली.

आता इतिहास. १७८७ मध्ये कोलब्रूक नावाचा इंग्रज लेफ्टनंट जहाजातून जाताना त्याला धूर दिसला, ती पहिली पक्की नोंद. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर तिथं गेला (पोर्ट ब्लेअर याच्याच नावावरून). त्यानं लिहून ठेवलंय की डोंगर तापलेले दगड फेकत होता आणि त्यातले काही तीन-चार टन वजनाचे असतील. १७९५ आणि १८०३ च्या सुमारासही उद्रेकाच्या नोंदी आहेत. मग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर डोंगर गप्प झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मॅलेट १८८० च्या दशकात गेले, शेजारच्या नारकोंडम बेटासह त्याचा सविस्तर अभ्यास केला. त्या काळात जाणारे लोक किनाऱ्यावरच्या गरम झऱ्याचं तापमान मोजायचे. ते दर खेपेला कमी भरायचं. सगळ्यांनी धरलं, म्हातारा निवत चाललाय.

सुमारे दीडशे वर्षं गप्प. आणि १९९१ च्या मार्चमध्ये उठला. सहा-एक महिने चालला, लाव्हारस पश्चिमेच्या बाजूनं समुद्रापर्यंत गेला. परत डिसेंबर १९९४ ते १९९५ च्या मध्यापर्यंत. मग दहा वर्षं शांत. २६ डिसेंबर २००४ चा तो भूकंप आणि त्सुनामी (मी तिथंच होतो, त्यावर आज नाही लिहीत), आणि २८ मे २००५ ला बॅरन पुन्हा सुरू. तेव्हापासून थांबत-थांबत चालूच आहे.

२०१७ चा प्रसंग मला फार आवडतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक, अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली, ‘सिंधू संकल्प’ जहाजावरून समुद्रतळाचा गाळ गोळा करायला गेले होते. २३ जानेवारीला काम चालू असतानाच शेजारी डोंगर राख ओकायला लागला. पाच-दहा मिनिटांच्या झटक्यांनी चाललं होतं. दिवसा फक्त राखेचे ढग दिसायचे, सूर्य बुडाल्यावर लाल कारंजं दिसायला लागलं. वाचताना अंगावर काटा आला, कारण हे अगदी आम्ही बघितलं तसंच.

तर बहिणीला सांगायचं ते असं. तुझ्या लेकाच्या बोअरमधला दगड आणि बॅरनचा दगड एकाच जातीचे आहेत, दोन्ही बेसॉल्ट. पण ज्वालामुखी एका जातीचा नाही. शाळेत केंद्रीय आणि भेगीय असे दोन प्रकार शिकलो होतो ना, तेच. बॅरन केंद्रीय. एकाच तोंडातून कधी लाव्हारस, कधी राख, कधी दगड. त्यांचे थरावर थर बसून डोंगर होतो, म्हणून त्याला स्तरीय ज्वालामुखी म्हणतात. आपल्याकडं डोंगर झालाच नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून रस वर आला आणि आडवा पसरत गेला. आजही ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. सोलापूर त्याच्यावर बसलंय. तो रस थंड होऊन सहा कोटी वर्षं झाली.

लाल भुकट्याचं मात्र मला नीट सांगता येत नाही. कुणी जाणकार असेल तर सांगा.

---

कडकभाकरी | रविवार, रात्री १०.४८

पयला नंबर! मालक, व्हिडिओतला टॉवेलवाला तुम्ही होय? आमच्या ग्रुपवर ‘शास्त्रज्ञ पाहणी करताना’ म्हणून फिरायलाय तो.

---

चाटीगल्ली | रविवार, रात्री १०.५५

शास्त्रज्ञाच्या कमरेला पानाची चंची नसती बे.

---

खडकवाणी | रविवार, रात्री ११.३०

मस्त धागा. लाल भुकट्याचं मी सांगते, भूगर्भशास्त्रच शिकवते.

आपल्याकडचा लाव्हारस एकदम आला नाही. एक थर आला, थंड झाला, मग बऱ्याच काळाची विश्रांती, मग दुसरा. विश्रांतीच्या काळात वरचा पृष्ठभाग उन्हापावसात कुजायचा, त्याची माती व्हायची. त्यात लोह असतंच, ते गंजून लाल. नंतर पुढचा रस त्या मातीवरून आला, ती भाजली आणि गाडली गेली. बोअरला लागतो तो हा गाडलेला लाल थर. तुमच्या भाच्याच्या बोअरमधून ज्वालामुखी निघाला नाही, दोन उद्रेकांमधली सुट्टी निघाली.

जाड किती आहे विचाराल तर सह्याद्रीत हे थर दोन किलोमीटरच्या आसपास भरतात, पूर्वेकडं पातळ होत जातात. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं शास्त्रज्ञांनी ६१७ मीटरचं भोक पाडलं होतं. त्यात ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, मग आठ-एक मीटर जुना गाळ, आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा फार प्राचीन खडक. बास. खाली ना रस, ना भट्टी. सोलापूरकरांनी निवांत झोपावं.

एक दुरुस्ती: ‘भेगीय म्हणजे डोंगर नाहीच’ हे ढोबळ झालं. दख्खनमध्येही काही ठिकाणी केंद्रीय स्वरूपाची मुखं होती. पण सोलापूर परिसराबद्दल बोलायचं तर तुमचं म्हणणं बरोबर.

---

बाळीवेस | सोमवार, सकाळी ७.१२

किल्लारीचं नाव निघालं म्हणून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. आम्ही मिरवणुकीतून रात्री उशिरा आलो, गुलाल तसाच अंगावर, आणि पडलो होतो. मांडणीवरची भांडी वाजायला लागली. मला वाटलं मांजर. मग आई ओरडली. सगळी गल्ली रस्त्यावर, अर्धे लोक गुलालानं माखलेले. दिवस उजाडल्यावर रेडिओवर कळलं.

तेव्हाही हीच अफवा होती हो. किल्लारीखाली ज्वालामुखी आहे, जमीन गरम झाली, विहिरीचं पाणी उकळलं. आमच्या शेजारच्या काकूंनी आठ दिवस अंगणात झोपून काढले. त्या अंगणातल्या फरशीला हात लावून बघायच्या, गरम लागते का. ऑक्टोबरचं ऊन, गरम लागणारच की.

---

शंकेखोर | सोमवार, सकाळी ९.०५

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली. ‘दीडशे वर्षं गप्प होता’ हे कुणी बघितलं? तुम्हीच लिहिताय की तिथं माणूस राहत नाही. १७८७ ला कोलब्रूक योगायोगानं जवळून गेला म्हणून १७८७ ची नोंद. २०१७ ला गाळ काढायला गेलेले लोक तिथं होते म्हणून २०१७ ची नोंद. हा ज्वालामुखीचा इतिहास नाही, जहाजांचा इतिहास आहे. आमच्या गल्लीत भांडण कधी झालं ते कट्ट्यावर कोण बसलं होतं त्यावर ठरतं, तसं.

---

चाटीगल्ली | सोमवार, दुपारी १.४०

@शंकेखोर, सकाळपासून याचाच विचार करतोय. दुकानात गिऱ्हाईकाला दोनदा चुकीची मोड दिली.

तुमचं बरंचसं मान्य. पण सरसकट नाही. १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत झाली. त्यानंतर जहाजांची ये-जा वाढली, लोक मुद्दाम बेट बघायला जायला लागले. मॅलेटसारखा माणूस जाऊन दगड तपासून आला. ताजा लाव्हारस असता तर त्यांना दिसला असता. ताजा रस काळाकुट्ट, वर गवताचं पातं नाही. म्हणजे १८५८ नंतर मोठं काही झालं नाही असं म्हणायला आधार आहे. शिवाय १९९१ पर्यंत उतारावर झाडी माजली होती, तीही साक्षच.

पण १८०३ ते १८५८ मध्ये? तिथं नोंदी फार विरळ आहेत. छोटा-मोठा उद्रेक कुणाच्या नजरेतून निसटला असेल, नाकारता येत नाही. ‘दीडशे वर्षं’ हे मी फार ठासून लिहिलं, मागं घेतो.

आणि उलटही बघा. आता उपग्रहावरून उष्णता मोजता येते. ढग नसतील तर बेटावरचा तापलेला ठिपका वरून दिसतो, कुणी जवळ असो नसो. त्यामुळं २००५ नंतरच्या नोंदी दाट वाटतात. डोंगर जास्त भडकला हे खरं, पण आपलं लक्षही वाढलं.

माझ्या त्या डिसेंबरच्या रात्रीची नोंद कुणी केली असेल असं वाटत नाही. बोटीवर सतरा माणसं होतो, त्यातली निम्मी झोपलेली.

---

खडकवाणी | सोमवार, दुपारी ३.२०

शंकेखोरांचा मुद्दा चांगला आहे, आणि त्याला उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. ज्वालामुखीची राख वाऱ्यानं समुद्रात पडते, तळाशी बसते, वर गाळ साचत जातो. त्या गाळात नळी खुपसून उभा नमुना काढतात. बॅरनजवळून काढलेल्या अशा नमुन्यांत राखेचे वेगवेगळे थर सापडले आहेत, पार सुमारे ७० हजार वर्षं मागंपर्यंतचे. त्यासाठी जहाज तिथून जायची गरज नाही, डोंगर स्वतःच हजेरी लावून ठेवतो. अर्थात बारीक उद्रेक त्यात उमटत नाहीत, मोठेच उमटतात.

त्या मोठ्यांपैकी एकानं बेटाचा आजचा आकार घडवलाय. बेटाच्या आत सुमारे दोन किलोमीटर रुंदीचा कॅल्डेरा, म्हणजे मोठ्या उद्रेकानं खचलेला खड्डा आहे, गुऱ्हाळावरची काहील जमिनीत पुरावी तसा. कडा २५० ते ३५० मीटर उंच, आणि पश्चिमेला काठ फुटलेला, समुद्राकडं उघडा. त्या काहिलीच्या मधोमध आजचा शंकू उभा आहे. चाटीगल्लींना लाल ठिपका दिसला तो या शंकूवरचा. लाव्हारस पश्चिमेलाच का जातो याचं कारणही तो फुटका काठ.

---

बार्शीची_लेक | सोमवार, संध्याकाळी ६.०२

माझा एक बाळबोध प्रश्न. अंदमानातच का? आपल्या कोकणात का नाही, समुद्र तर तिथंही आहे.

---

चाटीगल्ली | सोमवार, रात्री ८.१५

ताई, समुद्र असून भागत नाही. जमिनीची एक ताटली दुसरीखाली घुसावी लागते. अंदमानच्या पश्चिमेला भारताची ताटली पूर्वेकडच्या ताटलीखाली तिरकी सरकते आहे. खाली जाताना ती समुद्रतळाचं पाणी खडकात मुरवून घेऊन जाते. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर दाबानं ते पाणी बाहेर निघतं, वरच्या गरम खडकात शिरतं. पाणी शिरलं की खडकाचा वितळणबिंदू उतरतो, तापमान न वाढवता खडक वितळायला लागतो. तो शिलारस हलका, वर चढतो. सुमात्रापासून म्यानमारपर्यंत अशी ज्वालामुखींची ओळ आहे, बॅरन त्या ओळीत. कोकणात ताटलीची कड नाही, ती बरीच लांब आहे.

२००४ चा भूकंप त्याच घुसण्याचा. त्यानंच २००५ चा उद्रेक झाला का, यावर शास्त्रज्ञांची मतं वेगवेगळी आहेत. पाच महिन्यांचं अंतर आहे. मी तिथं राहत होतो तेव्हा आम्हा सगळ्यांना संबंध आहे असंच वाटायचं. वाटण्याला काय.

---

बार्शीची_लेक | सोमवार, रात्री ८.३१

समजलं. आम्ही दोन वर्षांपूर्वी सहलीला गेलो तेव्हा बाराटांगला ‘ज्वालामुखी’ म्हणून चिखलाचे बुडबुडे दाखवले होते. जंगलातून पाऱ्या चढून गेलो आणि बघतो तर काय, वाटीएवढं भोक, त्यातून एक बुडबुडा. सासूबाई म्हणाल्या, एवढ्यासाठी माझे गुडघे?

---

खडकवाणी | सोमवार, रात्री ९.१०

हाहा. तो चिखलाचा ज्वालामुखी, नावापुरताच. खालचा वायू चिखल वर ढकलतो, शिलारसाचा संबंध नाही. सासूबाईंचा राग रास्त आहे.

---

स्थितप्रज्ञ_म्हैस | सोमवार, रात्री ११.४४

बॅरन १९९१ ला उठला, आणि फिलिपाइन्सचा पिनाटुबोही १९९१ चाच. १५ जून १९९१ ला त्याचा मोठा स्फोट. राखेचा खांब पस्तीस किलोमीटरच्या आसपास वर गेला, पुढच्या वर्षी सगळ्या पृथ्वीचं सरासरी तापमान अर्ध्या अंशानं उतरलं. तोही स्तरीय, हाही स्तरीय. मग एकानं जगाला गारठवलं आणि दुसऱ्याची बातमी सोलापुरात पानाच्या कोपऱ्यातसुद्धा नाही. असं का?

---

खडकवाणी | मंगळवार, सकाळी ८.२६

स्वयंपाकघरात उत्तर आहे. आमटी उकळताना बुडबुडे वर येतात, फुटतात, संपलं. पिठलं घट्ट झालं की बुडबुडा अडकतो, फुगतो आणि फट्कन हातावर उडतो. दोन्हींत वाफ तीच.

शिलारसात सिलिका (वाळूत असतो तो घटक) कमी असली की तो पातळ, वायू सहज निसटतो. बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के. बॅरनचा रस मुख्यतः बेसॉल्टी, म्हणजे आमटी. पिनाटुबोचा रस सिलिकायुक्त, घट्ट, वायूनं ठासलेला, आणि सुमारे ५०० वर्षं झाकण बंद. स्तरीय ज्वालामुखी बहुतेक पिठल्याकडं झुकणारे असतात, त्यात बॅरन जरा वेगळाच. उद्रेकाच्या ० ते ८ या पट्टीवर पिनाटुबो ६, बॅरनचे अलीकडचे उद्रेक २ च्या आसपास.

मात्र बॅरनला गरीब समजू नका. ती दोन किलोमीटरची काहील आमटीच्या उकळीनं झालेली नाही.

---

गेनबा_बोअरवेल | मंगळवार, रात्री ९.५०

धागा मुलानं वाचून दाखवला. मी बावीस वर्षं गाडीवर आहे, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा सगळीकडं बोअर मारलेत. शिक्षण सातवी.

पुस्तकातलं मला कळत नाही पण भुकटा कळतो. वर मुरूम. मग काळा पाषाण, एकसंध, तिथं पाणी नाही, हातोडा नुसता टणाटणा वाजतो. मग गेरू. गेरूत पाणी नसतं, तो चिकट असतो. पण गेरू संपला की खाली मांजऱ्या लागतो, भोकंभोकं असलेला दगड, भोकांत पांढरे खडे. पाणी लागायचं असलं तर तिथं लागतं. बरेच मालक गेरू बघून घाबरतात, गाडी थांबवा म्हणतात. तिथंच चुकतं.

---

खडकवाणी | मंगळवार, रात्री १०.२०

@गेनबा_बोअरवेल, काका, तुम्ही सांगताय ते पुस्तकात तस्संच आहे. लाव्हारसाचा थर थंड होताना वायू वरच्या भागात जमतो, तिथं भोकं राहतात. तो तुमचा मांजऱ्या. त्याच्यावर कुजून लाल माती. मग वर नवा थर, त्याचा मधला भाग एकसंध, तो काळा पाषाण. भोकांतले पांढरे खडे म्हणजे नंतर पाण्यातून बसलेली खनिजं, बरीचशी झिओलाइट जातीची. पुढच्या सत्रात मुलांना घेऊन तुमच्या गाडीवर आले तर चालेल का?

---

गेनबा_बोअरवेल | मंगळवार, रात्री १०.४१

या की. रात्री यावं लागेल, आणि कानात कापूस घालून या.

---

शंकेखोर | बुधवार, सकाळी १०.३०

एक भर घालतो, मीही थोडं वाचलं. आपल्याकडं ज्वालामुखीची राख खरंच सापडते. पण आपली नव्हे, परकी. जुन्नरकडं कुकडी नदीच्या काठी बोरीला आणि बारामतीजवळ कऱ्हेच्या काठी मोरगावला. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानतात. टोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीच्या राखेच्या वयावरून मात्र अभ्यासकांत वाद आहेत.

गंमत अशी, कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला. कऱ्हा नीरेला, नीरा भीमेला. म्हणजे ती राख थोडी-थोडी वाहून पंढरपूरच्या वाळवंटातून गेलीच असणार. मोहोळच्या ग्रुपवर हे टाकू नका, नाहीतर चंद्रभागेत ज्वालामुखी होईल.

---

कडकभाकरी | बुधवार, सकाळी १०.३४

टाकलं.

---

बाळीवेस | बुधवार, सकाळी ११.००

अरे देवा.

---

बार्शीची_लेक | बुधवार, दुपारी २.१८

बेटावर प्राणी आहेत का काही? एवढ्या आगीत?

---

चाटीगल्ली | बुधवार, रात्री ९.०५

शेळ्या आहेत! ऐकून मीही हसलो होतो. जुन्या काळी बोटीवरल्या लोकांनी सोडलेल्या, त्या रानटी झाल्या. आमच्यातल्या खलाशांची पैज असायची की त्या समुद्राचं पाणी पितात. १९९१ च्या उद्रेकातूनही त्या तगल्या. उद्रेक बेटाच्या मधल्या काहिलीत आणि पश्चिमेला चालतो, बाहेरच्या पूर्व-दक्षिण उतारांवर झाडी टिकून राहते, शेळ्या तिकडं. पक्षीही आहेत, कबुतरं भरपूर. मला त्या रात्री शेळी दिसली नाही, अंधार होता. पण एक जुना खलाशी शपथेवर सांगायचा की लाल उसळीच्या उजेडात त्यानं कड्यावर बोकड उभा बघितलाय. मी अर्धं धरतो.

आता बोअरचं. भाच्यानं त्या रात्री गेरू बघून गाडी थांबवली होती, १५५ फुटांवर. गाडीवाला पैसे घेऊन गेला. आज सकाळी त्याला गेनबाकाकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणतो परत गाडी बोलवू, पण आधीच्या भोकातच पुढं मारता येईल का नवं भोक पाडायचं? नव्याचा खर्च झेपणार नाही.

---

गेनबा_बोअरवेल | बुधवार, रात्री ९.४०

त्याच भोकात मारता येतं. पण गेरू ओला झाला की फुगतो, आतून ढासळतो. आत्तापर्यंत थोडा ढासळला असणार. आधी दोरीला दगड बांधून सोडा आणि किती फुटावर टेकतो बघा. १४० च्या खाली टेकला तर काम सोपं आहे, साफ करून पुढं जाऊ. वर टेकला तर गेरूपर्यंत केसिंग, म्हणजे आतून पाइप, घालावं लागेल. दगड टेकला की दोरीला गाठ मारा आणि टेपानं मोजा, अंदाजानं सांगू नका.

---

चाटीगल्ली | गुरुवार, सकाळी ७.५५

१४८.